एमआरआयच्या बोगद्यात रामरक्षा म्हटल्याने भीती खरंच जाते का?

पुढच्या आठवड्यात तुमचा मेंदूचा एमआरआय आहे, लिफ्टमध्येसुद्धा तुमचा जीव घाबरतो, सासूबाई म्हणतात रामरक्षा म्हण आणि यजमान म्हणतात हे सगळे मनाचे खेळ. बरोबर कोण, असं तुम्ही विचारलंय.

सासूबाई.

घाईत असाल तर इथेच थांबलात तरी चालेल. पण हाच वाद मी माझ्या सख्ख्या भावाशी गेली चाळीस वर्षं घालते आहे, त्यामुळे मला थांबता येणार नाही.

माझं वय ६३. बंद जागेचं दुखणं जुनं. न्हाणीघराची कडी मी अजून आतून लावत नाही. दोन वर्षांपूर्वी उठता-बसता गरगरायला लागलं आणि डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. ह्यांना दवाखान्याच्या वासानेच भोवळ येते, म्हणून सोबत दादा आला. मंगळसूत्र, बांगड्या, केसातल्या पिना, सगळं काढून त्याच्या रुमालात दिलं. आत कानात बोळे, वर हेडफोन, तोंडावर पिंजऱ्यासारखं काहीतरी, आणि हातात रबरी फुगा. नकोसं झालं तर दाबा म्हणाले. फळी आत सरकली आणि मी मनात "देवा सोडव, देवा सोडव" सुरू केलं. चार मिनिटांत फुगा दाबला. बाहेर बाकावर बसलेले पेशंट माझ्याकडे बघत होते. दादाने रुमाल पुढे केला आणि म्हणाला, "एकोणतीसचा पाढा म्हणायचास. डोक्याला काम मिळालं की भीतीला जागा उरत नाही. रामच लागतो असं नाही."

त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, म्हणून त्या रात्री अंथरुणात पडून, तोंडावर पांघरूण घेऊन मी खरंच पाढा म्हणून पाहिला. एकोणतीस सातापाशी अडकले, आणि अडकल्यावर जे धडधडायला लागलं ते एमआरआयपेक्षा वाईट. पाढ्यांच्या मागे कोण उभं असतं? गुरुजी. तेही छडी घेऊन.

भीमरूपीच्या मागे मात्र माझी आजी उभी आहे. आमचा वाडा पुण्यात नारायण पेठेत, पत्र्या मारुतीपासून हाकेच्या अंतरावर. (भांग्या, जिलब्या, डुल्या, पत्र्या... हे गाव मारुतीलाही नावं ठेवल्याशिवाय राहिलं नाही.) संडास परसाच्या टोकाला, वाटेत पिंपळ, आणि पिंपळावर मुंजा. हा मुंजा तिथे आणून बसवला दादाने. मी सहा-सात वर्षांची, तो दहा-अकराचा. "पांढरं धोतर दिसलं की मागे बघायचं नाही" म्हणायचा. आज हाच माणूस दरवर्षी २० ऑगस्टला सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर दाभोलकरांच्या स्मरणासाठी जातो. जावं, मीही दोनदा गेले आहे. तिथे २०१३ साली जे झालं त्याची लाज प्रत्येक श्रद्धाळू माणसाला वाटली पाहिजे. पण माझा मुंजा त्याचा, हे त्याने एकदा तरी कबूल करावं.

तर आजी. ती म्हणाली, "भीमरूपी म्हणत जा, संपायच्या आत परत येशील." मी ओरडत निघायचे. आणि मागच्या दारात कंदील घेऊन तीही मोठ्याने तेच म्हणत राहायची. मी चुकले, थांबले, की तिचा आवाज ऐकू यायचा. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पेठांत पाणी शिरलं, तेव्हा शेजारच्या माडीवर बसून तिने दिवसभर रामरक्षा म्हटली होती. मांडीवर तीन वर्षांचा दादा. पाण्याची रेघ वाड्याच्या भिंतीवर मी मोठी होईपर्यंत होती. दादाला त्यातलं काही आठवत नाही म्हणे.

चौथ्या दिवशी परत गेले. या वेळी मागितलं काहीच नाही, फक्त रामरक्षा धरली. पहिल्यांदा माझी चूक तीच झाली होती. "सोडव, सोडव" म्हणताना आपण भीतीच घोकत असतो. रामरक्षेतलं कवच भीतीचं नावही न घेता "शिरो मे राघवः पातु" पासून सुरू होतं. मग कपाळ, डोळे, कान, नाक, मुख, जीभ, कंठ, खांदे, हात, हृदय, असं करत थेट पावलांपर्यंत. एकेक अवयव एकेका नावाच्या हवाली. यंत्र माझं डोकं तपासतंय आणि मी माझी मीच डोक्यापासून पायापर्यंत तपासत खाली चालले आहे, याचं मला आतच हसू आलं. लगेच हेडफोनमधून आवाज, "आजी, हनुवटी हलवू नका." तेव्हापासून ओठ बंद, सगळं मनात. ती ठकठक सुरू झाली की त्या ठेक्यावर अनुष्टुभ बसवायचा, भोंगा वाजला की थांबायचं. तिसऱ्यांदा "बुधकौशिकः" पर्यंत आले आणि फळी बाहेर.

भीती गेली का? नाही. पूर्ण वेळ तिथेच होती. पण आजीही होती.

दादाला हे सांगितलं तर तो विजयी मुद्रेने म्हणाला, "म्हणजे आजी होती, राम नव्हताच." मी म्हटलं, रात्रीच्या अंधारात कंदील घेऊन तिला तिथे उभं कोणी केलं? ती स्वतः मुंजाला घाबरायची, हे तुला माहीत आहे. यावर त्याने विषय बदलून पार्किंगचा काढला.

तुमच्या यजमानांना एवढंच विचारा की मनाचाच खेळ असेल तर भीती कुठे खेळतेय, गुडघ्यात?

आता राहिलेलं. डॉक्टरांना आणि तिथल्या तंत्रज्ञांना भीतीबद्दल आधीच सांगा. गरज पडली तर गुंगीचं औषध देतात, ते घेतल्याने राम रागावत नाही. पेसमेकर किंवा शरीरात धातूचं काही असेल तर तेही आधी सांगायचं. डोळे फळी सरकायच्या आधी मिटा, आत गेल्यावर नाही. रामरक्षा पाठ नसेल तर आठवड्यात घोकू नका, अर्धवट पाठ हे माझ्या पाढ्यासारखं होईल. लहानपणापासून येतं तेच म्हणा, मनाचे श्लोक म्हणा, हरिपाठ म्हणा. आणि स्तोत्राने रिपोर्ट बदलत नाही. माझी चक्कर कानातली निघाली, त्यात रामाचं श्रेय मी तरी घेत नाही. त्यासाठी ताईत, अंगारा विकणारा कोणी भेटला तर दादाचा नंबर देते.

दादाचाही गेल्या महिन्यात एमआरआय झाला. पाढे म्हटले, काही वाटलं नाही, असं सगळ्या घराला सांगत सुटलाय. गुडघ्याचा होता. त्यात पाय आत जातात आणि डोकं बाहेर राहतं. मी ती परीक्षा धरत नाही.