जुनी मॅटॅडोर घेतली आहे. दुरुस्त करणारं गॅरेज आणि इतर मालक कसे शोधायचे?

तुमची गाडी 1980 च्या दशकातली बजाज टेम्पो मॅटॅडोर, आणि गावातला एकही गॅरेजवाला हात लावायला तयार नाही, असं तुम्ही लिहिलंय. 'मॅटॅडोरचा मेकॅनिक' विचारत फिरलात तर हेच होणार. इंजिनासाठी एक माणूस आणि पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या ड्राइव्हसाठी दुसरा, असं धरून चाला.

आधी इंजिन कोणतं ते बघा. सुरुवातीच्या गाड्यांत हानोमॅगचं डिझेल इंजिन होतं, नंतर मर्सिडीजचं 2.4 लिटरचं ओएम 616 आलं. तुमच्यात 616 असेल तर निम्मं काम झालं, कारण तेच इंजिन पुढे त्याच कंपनीच्या ट्रॅक्स जीपला आणि टेम्पो ट्रॅव्हलरला लागलं. म्हणून जुन्या ट्रॅक्सचं काम करणारा माणूस गाठा. त्याला विचारा, 'थंड इंजिनावर टॅपेट (म्हणजे व्हॉल्व्हवरची बारीक फट) किती ठेवता?' इनटेक 0.10 आणि एक्झॉस्ट 0.30 मिमी असं पटकन उत्तर आलं तर गाडी बिनधास्त सोपवा. 'आवाजावरून लावतो' म्हणाला तर चहा पिऊन निघा. या इंजिनात व्हॉल्व्हची बैठक (सीट) झिजून व्हॉल्व्ह वर सरकतो, गॅप कमी होत जातो, कॉम्प्रेशन पडतं आणि सकाळी गाडी उठत नाही. मग लोक उगाच इंजिनाचा डिझेल पंप खोलतात! टॅपेट लावायला तीन पाने (स्पॅनर) लागतात, तिसरा स्प्रिंगचा रिटेनर धरायला. तो नसलेलं गॅरेज शक्यतो टाळा. थंड इंजिन सुरू करताना आतून तापवणारे हीटर प्लग सिरीजमध्ये (एकामागोमाग एक) जोडलेले असतील तर एक गेला की चारही थंड पडतात, तेही आधीच तपासून घ्या. पंप आणि नोझल मात्र डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या. नव्या कॉमन रेल इंजिनाचा पंप किंवा नोझल यात चालत नाही.

खरी अडचण पुढच्या चाकांची. मॅटॅडोर फ्रंट व्हील ड्राइव्ह, त्यामुळे गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट, हब यांचं ट्रॅक्सशी काही जुळत नाही. स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टकटक आली तर चाकाकडचा जॉइंट गेलाय असं समजा. पार्ट नंबर शोधत बसू नका, जुना भाग काढून धुवा. बेअरिंगच्या रिंगवर नंबर असतो. तो घेऊन थेट बेअरिंगच्या दुकानात जा. ऑइल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली असते. ड्राइव्हशाफ्टच्या सांध्यात क्रॉस (चार टोकांचा फुलीसारखा भाग) असेल तर टोकावरच्या कपचा व्यास आणि समोरासमोरच्या दोन कपांची बाहेरून बाहेर लांबी व्हर्निअरने मोजा. ब्रेकचे व्हील सिलिंडर लेथवाल्याकडून स्लीव्ह करून (आत नवी नळी बसवून) मिळतात. ब्रेकचा होज (रबरी नळी) मात्र कुठल्याही क्रिम्पिंगवाल्याकडून (नळीला टोकं दाबून बसवणाऱ्याकडून) बनवून घेऊ नका, हायड्रॉलिक ब्रेकचाच घ्या.

सुट्या भागांसाठी पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. लांबचं चालत असेल तर दिल्लीचं काश्मिरी गेट. गाडी आकुर्डीत बनत असे, त्यामुळे चिंचवड-भोसरी भागात कंपनीतून निवृत्त झालेले फिटर विचारपूस केल्यावर सापडण्याची शक्यता जास्त. पुढच्या ॲक्सलचं काम शक्यतो अशा माणसाकडूनच करून घ्या.

मालक शोधायला पीयूसी सेंटरवाल्याला आणि टायरवाल्याला विचारा. जुनी गाडी या दोघांच्या नजरेतून सुटत नाही. मंडप डेकोरेटर, बँडपथकं, साउंडवाले आणि जुन्या ॲम्ब्युलन्स असलेले ट्रस्ट यांच्या आवारातही डोकावून या. कोणी फोनवर 'आहे ना मॅटॅडोर' म्हणालं तरी समोरून काढलेला फोटो मागवा, कारण बऱ्याच गावांत कुठल्याही छोट्या मालवाहू टेम्पोला तेच म्हणतात. ओळख झाली की इंजिनाचं सोडा. पुढची काच, हब आणि ड्राइव्हशाफ्ट कोणाकडे जादा पडलेत ते विचारा.

बंद पडलेली गाडी मिळाली तर नुसता गिअरबॉक्स न घेता पुढचा ॲक्सल सेट, काच आणि दरवाजांच्या बिजागऱ्या एकत्रच उचला. पूर्ण सांगाडा घेत असाल तर आधी आरटीओत नोंदणी रद्द झाल्याचा कागद बघा, नाहीतर कराची थकबाकी निस्तरण्यातच पैसे जातील.