जुन्या ६९७ इंजिनाला कोरडा एअर फिल्टर: मधला अ‍ॅडॉप्टर कसा करावा

नमस्कार. तुमच्या जुन्या टाटा ट्रकला टर्बो नसलेलं ६९७ इंजिन आहे. त्यावरचा तेलाचा एअर क्लिनर काढून तुम्हाला कागदी फिल्टरचा डबा बसवायचा आहे. डब्याचं तोंड बाहेरून ११४ मिमी आणि मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा वाटणाऱ्या नळीचा) गळा बाहेरून ८९ मिमी, म्हणून मधला तुकडा कुठे आणि कशाचा करून घ्यावा, आणि घरात पडलेला ६५ मिमीचा होज वापरून काम भागेल का, एवढं तुम्ही विचारलंय. गाडी उसाच्या फडात आणि कच्च्या रस्त्यावर चालते हेही तुम्ही लिहिलंय. माझ्या उत्तराचा सगळा भर त्या शेवटच्या गोष्टीवर आहे.

दोन मापं जुळवणं हे कोणत्याही टर्नरला तासाभराचं काम आहे. पण हा तुकडा फिल्टरच्या पुढे बसतो. इथून आत गेलेल्या धुळीला थेट सिलिंडरपर्यंत अडवणारं काहीच नाही. फिल्टर कितीही महागाचा आणा, त्याच्या पुढच्या जोडात दाभणाएवढं भोक राहिलं तरी इंजिन तिथून फुफाटा ओढत राहतं. माझ्या गाडीचं असंच झालं होतं. रस्त्याकडेच्या एका गॅरेजात पत्र्याचा कोन (निमुळती नळी) वळवून घाईत वेल्डिंग करून घेतला. वरून रंग मारल्यावर छान दिसत होता. एका गळीत हंगामात पिस्टनच्या रिंगा गेल्या, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर यायला लागला आणि तेल रोज भरावं लागलं. हेड उघडलं तेव्हा लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) वरच्या कडेला नख अडकावं एवढी पायरी पडली होती. कोनाच्या शिवणीत रंगाखाली बोटभर लांबीची चीर निघाली. म्हणून खालचं सगळं जरा बारकाईने वाचा.

आधी ६५ मिमीच्या होजचं. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ९७ मिमी. स्ट्रोक (पिस्टनची धाव) १२८ मिमी, म्हणजे एकूण ५,६७५ सीसी. फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरतं. २,८०० फेऱ्या धरल्या आणि भरणं ८५ टक्के धरलं, तर मिनिटाला साधारण पावणेसात हजार लिटर हवा लागते. आतून ८० मिमीच्या पाइपमधून ही हवा सेकंदाला बावीस मीटरच्या आसपास वेगाने जाते, ते चालतं. तीच ६५ मधून ओढायला लावली तर अडथळा सव्वादोन पटींच्या वर जातो, कारण व्यास कमी होईल तसा तो चौथ्या घाताने वाढतो. चढाला काळा धूर, गाडीला ओढ नाही आणि डिझेल जास्त. तो होज बाजूला ठेवा. गळ्याच्या आतल्या मापापेक्षा कुठेही अरुंद होऊ द्यायचं नाही.

तुमची मापं वाचून मला बरं वाटलं, कारण चार इंची पाइपचं बाहेरचं माप ११४.३ आणि तीन इंचीचं ८८.९ मिमी असतं. म्हणजे पाइपलाइनच्या दुकानात मिळणारा चार बाय तीनचा एम.एस. (साध्या लोखंडाचा) रिड्यूसर, म्हणजे मोठ्या पाइपला लहान पाइप जोडणारा तुकडा, तुमच्या कामाला थेट लागतो. वेल्डिंगचा, दोन्ही तोंडं एका मध्यावर असलेला मागा. त्याची लांबी १०२ मिमी असते, उतार हळू असतो आणि मुख्य म्हणजे त्याला लांबीची शिवण नसते. कोल्हापुरात असाल तर उद्यमनगरात फिरताना सहज मिळेल. पत्र्याचा कोन वळवण्यापेक्षा मी हाच घ्यायला सांगेन. वजन दीड किलोच्या आसपास जातं, पण त्याची सोय खाली सांगतो.

जी.आय. (जस्ताचा थर दिलेलं लोखंड) नको. वेल्ड करताना जस्ताचा धूर छातीला वाईट, आणि आतला थर पुढे पापुद्रे होऊन सुटतो. पीव्हीसी तर अजिबात नको. इंजिनाच्या उष्णतेने मऊ पडतो आणि क्लिपखाली दबून जोड ढिला होतो.

रिड्यूसरच्या दोन्ही टोकांना सरळ भाग जवळजवळ नसतो, त्यामुळे होज धरायला जागा मिळत नाही. प्रत्येक टोकाला त्याच मापाच्या पाइपचा ५० मिमीचा तुकडा जोडून घ्या. हे वेल्डिंग आर्गन वायूवर करा, साध्या रॉडने नको. रॉडचे शिंतोडे आतल्या भिंतीला चिकटतात आणि थरथरीने महिन्या-दोन महिन्यांनी सुटतात. ज्वारीच्या दाण्याएवढा शिंतोडा व्हॉल्व्हखाली आला तर काय होतं ते सांगायला नको. आत आलेला वेल्ड घासून सपाट करा. मग लेथवर टोकापासून आठ-दहा मिमी आत दीड मिमी उंचीचा गोल उंचवटा ठेवून बाकीचं फिनिश मारून घ्या. होज त्या उंचवट्याच्या पलीकडे जातो आणि क्लिप त्याच्या मागे बसते, मग खेचलं तरी निघत नाही. क्लिप नट-बोल्टची रुंद पट्टीची घ्या. आट्यांची बारीक पट्टीची क्लिप एवढ्या मोठ्या होजला सगळीकडे सारखी दाबत नाही.

आता बसवण्याचं, इथे बहुतेक जण चुकतात. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, फिल्टरचा डबा चासीला किंवा केबिनला पक्का असतो. अ‍ॅडॉप्टर डब्याच्या बाजूचा समजा. डबा आणि अ‍ॅडॉप्टरमध्ये छोटा सरळ होज, अ‍ॅडॉप्टरला डब्याच्याच ब्रॅकेटवरून एक पट्टी, आणि अ‍ॅडॉप्टर ते मॅनिफोल्ड मध्ये फुगवटा असलेला होज. सगळी हालचाल त्या फुगवट्याने झेलायची. लोखंडाचं वजन रबरावर लटकवलं तर होज चिरतो, आणि चीर नेहमी खालच्या बाजूला पडते, जिथे कुणी पाहत नाही.

एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर हवा याच पाइपमधून ओढत असेल तर त्याचं निपल (नळी जोडायचं छोटं तोंड) अ‍ॅडॉप्टरवर आत्ताच लावून घ्या, आणि खाली सांगितलेला अडथळा मोजायला एक छोटं निपलही. नंतर भोक पाडू नका. तुमचा फ्यूएल पंप मुद्दाम पाहून घ्या. मॅनिफोल्डच्या गळ्यातून एक बारीक नळी पंपाच्या मागच्या डबीला जात असेल तर तो व्हॅक्यूमवर चालणारा गव्हर्नर (फेऱ्या आवरणारा भाग) आहे. त्या गळ्यातली व्हेंच्युरी (मुद्दाम अरुंद केलेला भाग) आणि ती नळी जशीच्या तशी ठेवायची. नळी निघाली किंवा चिरली की पंप पूर्ण डिझेल द्यायला लागतो आणि इंजिन सुसाट सुटतं. पहिल्यांदा चालू करताना इंजिन बंद करायची केबल एकाने हातात धरूनच ठेवावी.

तुकडा तयार झाला की डिझेलने धुवा, सगळीकडून हातोडीने हलके ठोका, तारेचा ब्रश मारा, हवा मारा आणि पुन्हा धुवा. पांढरं फडकं आतून फिरवल्यावर स्वच्छ निघेपर्यंत हे करा. आतून रंग द्यायचा नाही, तेलाचा हात पुरे. बाहेरून रेड ऑक्साइड, पण पाण्याची परीक्षा झाल्यावरच. ती अशी: दोन्ही तोंडं आणि निपलं बंद करून आत दोन-तीन पौंड हवा भरा आणि पंक्चरवाल्याच्या टबात बुडवा. एकही बुडबुडा चालणार नाही.

गाडीवर बसवल्यावर अ‍ॅडॉप्टरच्या आत, मॅनिफोल्डकडच्या तोंडाशी, बोटाने ग्रीसचा पातळ पट्टा ओढा. थर इतका पातळ हवा की ग्रीस सुटून आत जाणार नाही. आठवडाभर फडात गाडी चालवा आणि होज काढून तो पट्टा चिमटीत चोळा. ग्रीस गुळगुळीत लागलं तर जोड पक्के आहेत. कचकच लागली तर धूळ आत येतेय, गाडी तिथेच थांबवून एकेक जोड तपासा. मी हंगामाच्या सुरुवातीला आणि मध्यावर असं दोनदा करतो.

अडथळाही मोजता येतो. पारदर्शक नळीचा यू करून त्यात रंगीत पाणी भरा, एक टोक अ‍ॅडॉप्टरवरच्या छोट्या निपलला लावा, दुसरं मोकळं ठेवा. इंजिन पूर्ण फेऱ्यांवर नेल्यावर दोन बाजूंच्या पाण्यातला फरक नव्या फिल्टरला २५० मिमीच्या आत यावा. ५०० च्या जवळ गेला की फिल्टर बदलायची वेळ झाली. तोवर फिल्टर काढून टायरवर आपटू नका, कागदाची घडी फाटते आणि वरून कळतही नाही. मोजून झालं की त्या छोट्या निपलला टोपी घट्ट बसवा.

कामाला लागण्याआधी एक माप अजून घ्या. इंजिन चालू-बंद करताना गळा किती हलतो ते शेजारी पट्टी धरून पाहा आणि इथे लिहा. फुगवट्याचा होज एका फुगवट्याचा घ्यायचा की दोन, ते त्यावरून सांगता येईल.