पदर डोळ्यांवर ओढला, आता?

प्रश्न : सासूबाईंना (वय 76) तीन वर्षांपासून अल्झायमर आहे. भाच्याने मोबाइलवर लुकलुकणाऱ्या प्रकाशाचा, घूं-घूं आवाजाचा व्हिडिओ लावून दिला. रोज तासभर दाखव म्हणाला. दोन मिनिटांत त्यांनी पदर डोळ्यांवर ओढला, ‘वीज घालव गं’ म्हणाल्या. तरी नेटाने दाखवू का?
– एक सून, सांगली

उत्तर : नको. पदर ओढला, तिथेच थांबा. भाचा अगदीच हवेत बोलत नाहीये म्हणा. अमेरिकेत एमआयटीच्या ली-ह्वे त्साई यांच्या चमूने 2016 मध्ये उंदरांना सेकंदाला 40 वेळा लुकलुकणारा प्रकाश दाखवला, तेव्हा मेंदूतल्या दृष्टीच्या भागात अमायलॉइड हे, अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं प्रथिन घटलं. 2019 मध्ये आवाजाची जोड दिल्यावर परिणाम आणखी पसरला. पण ते उंदीर, तेही जनुकं बदललेले! शिवाय 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी तसेच प्रयोग केले, त्यांना ही घट दिसली नाही.

आणि मोबाइलचं म्हणाल तर, बऱ्याच मोबाइलचा पडदा सेकंदाला 60 वेळाच चित्र बदलतो. त्यात 40 ची उघडझाप नीट बसतच नाही. म्हणजे सासूबाईंनी सोसलं ते नुसतं लुकलुकणं.

त्यांना पूर्वी कधी फिट आली होती का, हे घरातल्या जुन्या माणसांना विचारा. आली असेल तर असले व्हिडिओ मोबाइलमधून काढूनच टाका, लुकलुकीने आकडी येऊ शकते. चालू गोळ्या मात्र सोडू नका. सकाळी अंगणात उन्हाला बसवा, आवडीचे अभंग लावा, आवाज बेताचा ठेवून.