नाक वर, डावा पंख खाली

प्रश्न : माझं रिमोटवर उडणारं, फोमचं, 1.2 मीटर पंखांचं हाय-विंग ट्रेनर (पंख बॉडीच्या वर असलेलं, शिकाऊंसाठीचं) विमान सुरुवातीला छान उडत होतं. उड्डाण लांबावं म्हणून 1300 एमएएचऐवजी 2200 एमएएच क्षमतेची मोठी बॅटरी घेतली. ती पुढच्या खणात मावत नाही, म्हणून मागे पंखाखाली ठेवतो. आता हातातून सोडलं की नाक वर उचलतं, हवेत क्षणभर अडखळतं आणि डावा पंख टाकून खाली येतं. एलिव्हेटरचं (शेपटीवरच्या, नाक वर-खाली करणाऱ्या पट्टीचं) ट्रिम, म्हणजे स्टिक मोकळी असतानाची तिची जागा, 'डाउन'कडे शेवटपर्यंत नेऊन पाहिलं. मोटर बदलू का?

उत्तर : मोटरला हात लावू नका. पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात, ते बॅटरीचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वजन मागे गेलं आणि विमान शेपटीकडे जड झालं. अशा विमानाला ट्रिम पुरत नाही. एका वेगाला जमवलं की वेग बदलताच ते पुन्हा भरकटतं. नाकाकडे थोडं जड असलेलं विमान सुस्त उडेल, पण तुमचं ऐकेल. नवशिक्याच्या हातात मला तेच हवं.

बॅटरी जागेवर बसवून, उड्डाणाच्या तयारीत विमान दोन बोटांवर तोला. बोटं पंखाखाली, बॉडीच्या दोन्ही बाजूंना. माहितीपुस्तिकेत तोलबिंदू दिला असेल तर तोच धरा. नसेल तर पंखाच्या रुंदीचा पुढून पाव भाग घ्या : रुंदी 18 सेंटिमीटर असेल तर पुढच्या कडेपासून साडेचार. तिथे चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावून ठेवा, म्हणजे अंधुक उजेडातही बोटाला जागा सापडते. शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवा. खणातला थोडा फोम कोरावा लागला तरी चालेल, नाहीतर सरळ जुनी बॅटरी घाला. नाकात शिसं भरणं मी अगदी शेवटी सुचवेन, कारण वजन वाढलं की विमानाला हवेत तरून राहायला जास्त वेग लागतो.

तोल जमला की ट्रिम मध्यावर आणा आणि मोटर बंद ठेवून, गवतावर, वाऱ्याच्या तोंडाला विमान सपाट सोडा. वर फेकायचं नाही. ते सरळ तरंगत खाली आलं, पण थ्रॉटल (मोटरचा जोर) दिल्यावरच नाक उचलत असेल, तर दोष मोटरच्या कोनात आहे. माउंटच्या (मोटर जिच्यावर बसते त्या बैठकीच्या) वरच्या दोन स्क्रूंमागे एकेक पातळ वॉशर घाला, मोटरचा शाफ्ट (फिरणारा दांडा) किंचित खाली झुकेल.

आता डावा पंख. मागून पाहताना नाकावरचा पंखा (प्रोपेलर) घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणून बॉडी उलट, म्हणजे डावीकडे कलू पाहते. वेग असताना हे जाणवत नाही, नाक उचलून वेग संपला की जाणवतं. त्या क्षणी हात आपोआप स्टिक मागे ओढतो आणि उजवं एलेरॉन देतो (एलेरॉन म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणारी, पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी). दोन्ही घातक. उजवं एलेरॉन दिलं की डाव्या पंखावरचं खाली वळतं आणि आधीच हवेची पकड सुटलेला तो पंख आणखी कोसळतो. आधी स्टिक सैल सोडा, नाक खाली जाऊ द्या, वेग येऊ द्या. सावरायचं त्यानंतर. यासाठी उंची हवी, म्हणून पहिली काही मिनिटं झाडांच्या बऱ्याच वर राहा.

प्रश्न : विमान माझ्याकडे तोंड करून आलं की मी उलटं वळवतो. उपाय?

उत्तर : जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्याच बाजूला स्टिक न्या, जणू त्याला खालून टेकू देताय. डावं-उजवं आठवत बसू नका. घरी सिम्युलेटरवर फक्त हाच एक प्रसंग पुन्हापुन्हा घ्या. आणि मैदानावर सुरुवातीला विमान फार दूर नेऊ नका, दूरवर कुठला पंख खाली आहे तेच दिसत नाही.