गाळखतातले धातू जातात कुठे?

प्रश्न : मुरबाडला आमची दोन एकर भातशेती आहे. मैलापाण्याच्या गाळाचं कंपोस्ट फुकट मिळतंय. चार महिने कुजलेलं, काळं, भुसभुशीत, वास अजिबात नाही. आता त्यातले धातू गेले असतील ना?

उत्तर : नाही गेले. कुजतो तो सेंद्रिय भाग. ढीग बसतो, वजन घटतं. पण कॅडमियम, शिसं, निकेल होतं तेवढंच उरतं, म्हणजे किलोमागे प्रमाण उलट वाढतं. घरगुती मैलापाण्यात धातू थोडे असतात. त्याच वाहिनीत कुणी प्लेटिंगचं, म्हणजे धातूचा मुलामा देणाऱ्या कारखान्याचं, पाणी सोडलं, की त्यातले बरेचसे धातू गाळात उतरतात. म्हणून फुकट मिळालं तरी त्या लॉटचा अहवाल मागाच. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला किलोमागे कॅडमियम ५, निकेल ५० आणि शिसं १०० मिलिग्रॅम अशी कमाल मर्यादा आहे. कॅडमियम नेमकं ५ असलं आणि एकरी ५ टन खत टाकलं, तर एका वर्षात एकरी २५ ग्रॅम कॅडमियम रानात गेलं. पिकाबरोबर त्यातलं थोडंच बाहेर पडतं, बाकीचं साठत राहतं.

भातात आणखी एक गोष्ट आहे. खाचरात पाणी उभं असेपर्यंत कॅडमियम गंधकाशी बांधलेलं राहतं. कापणीआधी आपण पाणी बाहेर काढतो, जमिनीला भेगा पडतात, हवा आत शिरते. तेव्हा ते मोकळं होतं आणि दाण्यात चढतं. मातीचा सामू कमी असेल, म्हणजे माती आम्ल असेल, तर आणखी जास्त. जपानमध्ये जिंझू नदीकाठी असाच भात वर्षानुवर्षं खाऊन माणसांची हाडं ठिसूळ झाली. तिथलं कॅडमियम खाणीचं होतं, प्रमाणही फार मोठं होतं. पण दाण्यात शिरायची वाट हीच. अहवाल हातात येईपर्यंत पोतं उघडू नका, ही माझी कळकळीची विनंती.

प्रश्न : ऐरोलीत गच्चीवर पालक आणि माठ लावते. हेच खत वापरू का? भाजी नीट धुऊन घेते.

उत्तर : नको, ताई. पालेभाज्या कॅडमियम चटकन ओढून घेतात. धुतल्यानं पानावरची धूळ जाते, पानाच्या आतलं जात नाही. जास्वंदीला, मोगऱ्याला खुशाल घाला.

प्रश्न : शहापूरला विहिरीलगत खताचा ढीग आहे. पावसात धातू विहिरीत उतरतील का?

उत्तर : शिसं मातीला घट्ट धरून बसतं, सहसा खोल जात नाही. आम्ल मातीत कॅडमियम, निकेल आणि जस्त सरकतात, पण सावकाश. त्याआधी नायट्रेट आणि जंतू विहीर गाठतील. पावसाआधी ढीग विहिरीपासून लांब, उंचवट्यावर हलवा आणि ताडपत्रीनं झाका.

प्रश्न : आमच्या पनवेलच्या शेताच्या मृद आरोग्य पत्रिकेवर सगळं ठीक आहे. मग काळजी कशाला?

उत्तर : त्या पत्रिकेत जस्त आणि तांबं असतं, कॅडमियम आणि शिसं नसतं. ते प्रयोगशाळेला वेगळं सांगावं लागतं. आठ-दहा ठिकाणची वीतभर खोलीची माती एकत्र करून अर्धा किलो द्या. आणि ती प्लॅस्टिकच्या बादलीतच कालवा. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीचं जस्त नमुन्यात उतरतं.