कॅनडात ट्रक चालवायला येताय? आधी तासांचा हिशोब शिका

तुमचा प्रश्न असा: न्हावाशेवा ते नागपूर ट्रेलर चालवण्याचा आठ वर्षांचा अनुभव आहे, ओंटारियोत यायचंय. तिथलं तास मोजणारं यंत्र नक्की काय असतं, आणि मालकाने जास्त चालवायला लावलं तर काय करायचं?

दादा, गाडी तुम्हाला येतेच. तरी इथे ए वर्गाच्या, म्हणजे ट्रेलर चालवायच्या, लायसन्सला किमान १०३.५ तासांचं सक्तीचं प्रशिक्षण आहे, ते घ्यावंच लागेल. पण नवा माणूस अडकतो तो तासांच्या हिशोबात. भारतातही कायद्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा आहे, पण केबिनमध्ये ती मोजायला कुणी नसतं. इथे ईएलडी असतो, म्हणजे तासांची नोंद (लॉग) ठेवणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र.

हे यंत्र इंजिनच्या कॉम्प्युटरला जोडलेलं असतं. वेग ताशी ८ किलोमीटरच्या वर गेला की ते स्वतःच ‘ड्रायव्हिंग’ लावतं. गाडी पाच मिनिटं थांबली की ‘अजून चालवताय का’ असं विचारतं, आणि एका मिनिटात उत्तर दिलं नाही तर ‘ऑन ड्युटी’ लावतं. ‘ऑफ ड्युटी’ मात्र कधीच आपोआप लागत नाही. ते बटण न दाबता जेवायला उतरलात, तर जेवणाचा तासही कामात मोजला जातो. ही नोंद नंतर कारण लिहून दुरुस्त करता येते. यंत्राने पकडलेला ड्रायव्हिंगचा वेळ मात्र कुणालाच कमी करता येत नाही, तुम्हालाही नाही आणि ऑफिसलाही नाही.

आता तास. दिवसाला १३ तास ड्रायव्हिंग, एकूण काम १४ तास, आणि १० तास विश्रांती. त्यातले ८ सलग, उरलेले २ किमान अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत चालतात. शिवाय शिफ्ट सुरू झाल्यापासून १६ तास उलटले की स्टिअरिंगला हात लावायचा नाही, मधे आराम केला असला तरी. स्लीपरमधली (केबिनमागच्या झोपायच्या जागेतली) विश्रांती दोन भागांत घेण्याचे नियम वेगळे आहेत, ते सुरुवातीला वापरू नका. आठवड्याचा हिशोब बहुतेक ठिकाणी ७ दिवसांत ७० तास असा असतो, आणि सलग ३६ तास सुट्टी घेतली की तो पुन्हा शून्यावर येतो.

इथे एक गोम आहे. ‘दिवस’ आणि ‘शिफ्ट’ ही दोन वेगळी घड्याळं आहेत. समजा कंपनीचा दिवस मध्यरात्री सुरू होतो. तुम्ही रात्री १२ ला निघालात, १३ तास चालवलं, तासभर तपासणी आणि डिझेलमध्ये गेला, दुपारी २ ला थांबलात. रात्री १० ला आठ तासांची झोप पूर्ण झाली, शिफ्ट नवी झाली. पण दिवसाचे १३ तास केव्हाच संपलेत, म्हणून रात्री १२ वाजेपर्यंत गाडी हलवायची नाही. स्क्रीनवर शिफ्टचे १३ तास मोकळे दिसले म्हणून निघालात, तर दिवसाचा नियम मोडतो.

डॉकवर (गोदामाच्या माल चढवायच्या धक्क्यावर) माल भरायची वाट बघताना गाडीची जबाबदारी तुमच्यावर असेल तर ते कामच आहे. जबाबदारीतून खरंच मोकळे असाल तरच ‘ऑफ’ लावा. यार्डात गाडी मागेपुढे करायची असेल तर ‘यार्ड मूव्ह’ गाडी हलण्याआधी निवडा. खासगी कामासाठी गाडी न्यायची तर दिवसाला जास्तीत जास्त ७५ किलोमीटर, तेही माल उतरवून आणि ट्रेलर सोडून.

विंडसरचा पूल ओलांडून डेट्रॉईटला जाणारं काम असेल तर जास्त जपा. अमेरिकेत १० तास सलग विश्रांतीनंतर ११ तासच ड्रायव्हिंग, तेही १४ तासांच्या आत, आणि ८ तास चालवल्यावर अर्धा तास थांबा. कॅनडात चालवलेले तासही त्यात धरतात. ओंटारियोच्या ४०१ हायवेवर १२ तास चालवणं इथे नियमात बसतं, पण त्याच शिफ्टमध्ये पूल ओलांडून पुढे चालवलंत की तिथे गुन्हा. भारतीय पासपोर्टला अमेरिकेचा व्हिसा वेगळा लागतो, हेही धरून चाला.

यंत्र बिघडलं तर गाडी उभी केल्यावर लगेच ऑफिसला कळवा, आणि बिघाडाचं अक्षर लॉगमध्ये लिहा. उदाहरणार्थ पी म्हणजे वीजपुरवठा, ई म्हणजे इंजिनशी तुटलेला संपर्क. कागदी लॉग सुरू करा. कोरे कागद १५ दिवस पुरतील एवढे गाडीत असलेच पाहिजेत. दुरुस्तीला कंपनीकडे १४ दिवस असतात.

मालकाचं म्हणाल तर, डिस्पॅचर (ऑफिसमधून फेऱ्या लावून देणारा) ‘दुसऱ्याच्या नावाने लॉगिन कर’ म्हणाला तर सरळ नाही म्हणा. ही खोटी नोंद आहे. डिझेलच्या पावतीवरची वेळ आणि लॉग जुळले नाहीत की अधिकाऱ्याला ती दिसते, आणि तुम्हाला ७२ तास गाडीपासून दूर ठेवतात. ऑफिसने लॉगमध्ये सुचवलेला बदल तुमच्या मंजुरीशिवाय लागू होत नाही. न वाचता मंजूर करू नका. थकवा असताना चालवायला लावणं कंपनीलाही बेकायदा आहे. ‘जमत नाही’ हे तोंडी न सांगता मेसेजवर सांगा, म्हणजे पुरावा राहतो.

सही करण्याआधी चार गोष्टी लेखी विचारा: दिवस किती वाजता सुरू होतो, ७ दिवसांत ७० तासांचा हिशोब आहे की १४ दिवसांत १२० चा, डॉकवर थांबण्याचे पैसे मिळतात का, आणि पगारी नोकर म्हणून घेताय की स्वतःची कंपनी काढायला लावताय. ज्याच्या गाड्या तुम्ही त्याच्याच हुकमाने चालवणार, तो कंपनी काढायला सांगत असेल तर ती नोकरी घेऊ नका. आणि परदेशी कामगार घ्यायला मालकाला जी सरकारी परवानगी (एलएमआयए) काढावी लागते, तिच्यासाठी कोणी तुमच्याकडे लाखभर रुपये मागितले तर तिथेच थांबा. तो खर्च कामगाराकडून वसूल करायला मालकाला परवानगी नाही.