सोलापुरात घर बघताय? आधी पाण्याच्या दिवशी जाऊन या

प्रश्न : ताई, नमस्कार. मिस्टरांची बँकेत सोलापूरला बदली झालीय, जूनपासून तिकडं जायचंय. आम्ही गेली अकरा वर्षं पुण्यात, माझं माहेर नाशिककडचं, त्यामुळे सोलापूर म्हणजे मला फक्त स्टेशन आणि सिद्धेश्वराचं देऊळ एवढंच माहीत. मुलगा सातवीत जाईल, मुलगी पहिलीत. सासूबाई ७१ वर्षांच्या, गुडघे दुखतात पण चालायची हौस आहे. भाडं महिना १२ हजारापर्यंत जमेल. ह्यांचे ऑफिसवाले म्हणतात जुळे सोलापूरच बघा, एक लांबचे दीर म्हणतात होटगी रोडला नवीन स्कीम झालीय तिथं सरळ विकतच घ्या, आणि सासूबाईंची मावसबहीण मुरारजी पेठेत राहते ती म्हणते गावातच या. मुलाबाळांच्या घरासाठी चांगला एरिया नक्की कुठला? आणि लगेच विकत घ्यावं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तिघंही आपापल्या जागी बरोबर सांगतायत, पण तिघांपैकी कुणीही तुम्हाला गल्ली सांगितलेली नाही, आणि सोलापुरात घर घ्यायचं ते गल्ली बघून घ्यायचं. एकाच एरियात एका गल्लीत नळाला धो-धो पाणी येतं आणि दोन गल्ल्या सोडून बायका मोटर लावून, पाइप हातात धरून बसलेल्या असतात, एरियाचं नाव तेच, भाडंही तेच.

पाण्यापासूनच सुरू करते, कारण पुण्यातून येणाऱ्याच्या हे लक्षातच येत नाही. इथं पाणी रोज येत नाही, दोन-तीन-चार दिवसाआड येतं, आणि कुठल्या भागात किती दिवसाआड, हे वेगवेगळं. उजनी धरण शंभरेक किलोमीटर लांब, तिथलं पाणी पाइपलाइननं पाकणीला येऊन शुद्ध होतं, टाकळीला भीमेतून उचललेलं सोरेगावला येतं, शिवाय हिप्परग्याचा तलाव आहे. एवढ्या लांबच्या रस्त्यात कुठं लाइट गेली, पंप बंद पडला, पाइप फुटला की सगळ्या शहराचं रोटेशन एक दिवस पुढं जातं. ब्रोकर तुम्हाला सांगेल की उजनीची समांतर जलवाहिनी झाली, आता चिंता नाही. पण धरणाकडनं येणारी मोठी पाइप वेगळी आणि तुमच्या गल्लीतली जुनी लाइन नि त्या भागाची टाकी वेगळी, म्हणून विचारायचं ते गल्लीतल्या बाईला, ब्रोकरला नाही.

आणि नुसतं विचारू पण नका, पाण्याच्या दिवशी तिथं जाऊन उभं राहा. पाणी कधी सुटतं, पहाटे की रात्री, ते आधी फोनवर विचारून घ्या आणि त्या वेळेला जा, अवेळ असली तरी जा, कारण त्या तासाभरात सगळी गल्ली दारात असते आणि जे कळायचं ते सगळं कळतं. प्रेशर किती आहे, वरच्या मजल्यावर चढतं का, हौद केवढा, आधी किती वेळ गढूळ पाणी सोडून द्यावं लागतं हे तर दिसतंच, पण माणसं एकमेकांशी कशी बोलतात हेही दिसतं. मोटरवरून भांडणं चाललीयत का, की शेजारच्या म्हाताऱ्या बाईची घागर कुणीतरी न सांगता उचलून आत ठेवतंय.

आमच्या गल्लीत पहाटे तीनच्या सुमाराला पाणी यायचं. समोरच्या घरातल्या तेलुगू बोलणाऱ्या बाई होत्या, त्या आधी स्वतःचा पाइप लावायच्या आणि मग गेटची कडी वाजवत पाच घरं जायच्या, "अक्का, पाणी आलं, उठा". मला ताप होता एकदा, हे गावाला गेलेले, मी उठलेच नाही. सकाळी बघते तर हौद भरलेला आणि पाइप गुंडाळून पायरीवर ठेवलेला. त्या दिवशी आमच्याकडं पाणी नसतं तर पुढचे चार दिवस टँकर शोधत बसले असते. मुलाबाळांना चांगली गल्ली कुठली असं मला कुणी विचारलं की मी हेच सांगते, जिथं पाणी आलं म्हणून दार वाजवणारं माणूस आहे ती. जी बाई पहाटे तीनला कडी वाजवते तिचं दुपारी चारला तुमच्या पोरीकडंही लक्ष असतं.

आता तुमचे तीन एरिया.

जुळे सोलापूर खरंच चांगलं आहे. रस्ते रुंद, प्लॉट नीट आखलेले, बँकवाले, शिक्षक, रिटायर झालेली मंडळी, क्लासेस, दवाखाने सगळं तिथंच. पण दोन गोष्टी बघून घ्या. शाळा गावात घेतली (हरिभाई, सिद्धेश्वर प्रशाला, मुलींसाठी सेवासदन ह्या जुन्या नावाजलेल्या शाळा शहराच्या बाजूला) तर रोजचं जाणं-येणं पाच-सहा किलोमीटर एकेक बाजूला, आणि सकाळी शाळेच्या टायमाला आसरा पुलावर काय गर्दी होते ते एकदा स्वतः स्कूटरवर बसून बघा. दुसरं म्हणजे विजापूर रोड. हा हायवे आहे, जड गाड्या चालतात. सातवीतला मुलगा सायकल मागणारच, त्याचा क्लास रोडच्या पलीकडं आणि घर अलीकडं असं होऊ देऊ नका, दोन्ही एकाच बाजूला ठेवा, ह्याबाबतीत ॲडजस्ट करू नका. विजापूर रोडच्या बाजूचा फायदा हा की कंबर तलाव जवळ पडतो. संध्याकाळी चालायला येणारी माणसं, पक्षी, मोकळी हवा, सासूबाईंना आवडेल, फक्त तिथवर रिक्षानं जावं लागेल असं घर नको.

होटगी रोडचं थोडक्यात सांगते. नवीन स्कीम असतात, फ्लॅट दिसायला छान, पण गाळप हंगामात उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले, त्याच रोडनं जातात आणि मेन रोडला लागून घर असेल तर दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत हेच चालू असतं. आत कॉलनीत असेल तर हरकत नाही.

मुरारजी पेठ, नवी पेठ, कसबा, हा गावातला भाग. पार्किंग नाही, गल्ल्या अरुंद, ड्रेनेज जुनं, मिरवणुकीच्या रूटवर घर असेल तर आवाजानं पोरांना अभ्यास करवत नाही, हे सगळं खरं. तुमच्या मिस्टरांची कार असेल तर ती कुठं लावणार ते आधी बघा. पण किराणा, डॉक्टर, देऊळ, भाजी सगळं पायाखाली. आणि जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, भरते, संक्रांतीला नंदीध्वज निघतात, उंचच्या उंच काठ्या कमरेला बांधलेल्या झोळीत पेललेल्या, पांढरी बाराबंदी घातलेले लोक, तुमच्या पोरांनी तो सोहळा गल्लीच्या तोंडाशी उभं राहून बघितला तर ती दोन वर्षांत सोलापूरची होऊन जातील. कॉलनीतनं गाडी काढून, पार्किंग शोधून बघणं वेगळं.

कुणी तुम्हाला सांगितला नसेल असा एक भाग म्हणजे पूर्वेकडचा, अशोक चौक, साखर पेठ तो सगळा पट्टा. यंत्रमागाचा भाग. मागाची खटखट दिवसभर असते, पुण्याहून आलेल्याला पहिले महिनाभर झोप लागणार नाही, म्हणून तुम्हाला तिकडं जा असं म्हणत नाही. पण तिथल्या मुलांना घरी तेलुगू, गल्लीत कानडी, शाळेत मराठी, दुकानात उर्दू-हिंदी असं चार भाषांत बोलता येतं ते मी बघितलंय आणि मला त्याचं फार कौतुक आहे. तुम्ही कुठंही राहा, मुलांना असे मित्र मिळू द्या.

आता सासूबाईंचं. हे मी स्वतः चुकलेली म्हणून सांगते. आम्ही पंधरा वर्षांपूर्वी गावातलं भाड्याचं घर सोडून हद्दवाढ भागात रो-हाऊस घेतलं. १९९२ला आजूबाजूची ११ गावं महापालिकेत आली तो भाग, आम्ही गेलो तेव्हाही तिकडं अजून निम्मी शेतंच होती. माहितीपत्रकात बाग दाखवलेली होती, प्रत्यक्षात त्या जागेवर वेडी बाभूळ आणि पावसाळ्यात डबकं. बोअरला पाणी भरपूर म्हणून सांगितलेलं, ते दुसऱ्याच एप्रिलला आटलं. ते सगळं आम्ही निभावलं. पण माझ्या सासूबाई, ज्या पेठेत रोज सकाळी देवळात आणि संध्याकाळी भाजीला जायच्या, रस्त्यात चार ठिकाणी बसायच्या, त्यांना इथं जायला जागाच नाही. देऊळ दीड किलोमीटर, मधे फूटपाथ नाही, कुत्री. रोज संध्याकाळी साडी बदलून, चप्पल दाराशी काढून ठेवून बसायच्या, ह्यांची स्कूटर आली तर जाऊ म्हणून, आणि हे यायचे साडेआठला. पेठेत त्यांची चप्पल वर्षाला एक झिजायची. नवीन घरात घेतलेली चप्पल तीन वर्षांनी मी उचलून बघितली तर तळव्यावरची नक्षी तशीच होती. एकदाही तक्रार केली नाही त्यांनी. आता त्या नाहीत, आणि ती चप्पल माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगते, घर बघायला जाताना सासूबाईंना सोबत न्या. घराच्या दारातनं त्यांना एकट्यांना चालायला सांगा, देऊळ, किराणा, बसायला एखादा कट्टा, जे काय असेल तिथवर, तुम्ही मागं राहा. गुडघे दुखणारं माणूस जिथवर न थांबता जाऊन येतं तिथवर तुमची पहिलीतली पोरगीही जाऊन येईल, दोघींचा रस्ता एकच आहे. एरिया मोठा नावाचा असेल आणि दोघींना तुमच्या गाडीशिवाय बाहेर पडता येत नसेल तर ते घर सोडा.

मजला शक्यतो तळमजला किंवा पहिला. लिफ्ट आहे म्हणून वरचा घेऊ नका, सोलापूरचा पारा एप्रिल-मेमध्ये ४२-४३ला जातो आणि सगळ्यात वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापून रात्री बारापर्यंत घरात उष्णता सोडत राहतो, पश्चिमेच्या भिंतीला हात लावला तर कळतं. दुपारी तीनला जाऊन बेडरूमच्या भिंतीला हात लावून बघाच. आणि जवळपास नाला आहे का तेही बघा, पाऊस जोराचा झाला की नाल्याकाठच्या वस्त्यांत पाणी शिरतं, शेजारच्या घरांच्या भिंतींवर ओल कुठवर चढलेली दिसते त्यावरून अंदाज येतो.

विकत लगेच घेऊ नका. बदलीची नोकरी आहे, शिवाय एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्याशिवाय सोलापुरातलं घर कळत नाही. ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट करा. तुमच्या दिरांना वाईट वाटेल, पण त्यांना सांगा की आधी कागद दाखवा. एन.ए.चे (जमीन बिगरशेती असल्याचे) कागद, मंजूर लेआउट, बांधकाम परवाना, वापर परवाना, आणि स्कीम मोठी असेल तर महारेराचा नंबर, तो साइटवर टाकून स्वतः बघता येतो. मंजूर लेआउटमध्ये ओपन स्पेस कुठं दाखवलीय ते बघून त्या जागेवर प्रत्यक्ष जाऊन उभं राहा, आमच्यासारखं माहितीपत्रकावर जाऊ नका. कमी किमतीत गुंठेवारीचा, म्हणजे मंजूर लेआउट नसताना गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पाडून विकलेला, प्लॉट मिळतोय असं कुणी म्हणालं तर तो २००१च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित झालाय का, त्याचं महापालिकेचं पत्र आहे का ते विचारा, पत्र नसेल तर बयाणा देऊ नका, कितीही जवळचा माणूस मधे असला तरी.

तुमच्या बजेटमध्ये मला विचाराल तर आधी मुरारजी पेठेच्या किंवा सात रस्त्याच्या आजूबाजूच्या आतल्या गल्ल्या बघा, शाळाही जवळ आणि मावसबहिणीचं घरही चालत. तिथं पार्किंगपायी जमलं नाही तर जुळे सोलापूरचा जुना, भरलेला भाग, जिथं झाडं मोठी झालीयत आणि घरांसमोर ओट्यावर माणसं बसलेली दिसतात.

जूनला बदली आहे तर घर बघायला एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्येच या. त्या दिवसांत ज्या गल्लीत हौद भरतोय तिथं वर्षभर भरतो. येताना सासूबाईंच्या मावसबहिणीला आधी फोन करा आणि त्यांच्या गल्लीत पाणी कुठल्या दिवशी आहे ते विचारून त्या रात्री त्यांच्याकडंच मुक्काम करा.